कातकऱ्यांची बोली

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रसायनी नांवाचें स्थानक आहे. पाताळगंगेच्या परिसरांत १९६० नंतर रासायनिक कारखाने उभे राहिले, आणि त्यांवरूनच ह्या वसाहतीस हें नांव पडलें. तेथून खालापूर-कर्जतकडे वळलें, कीं गांवांपासून थोड्या अंतरावर कातकऱ्यांच्या वाड्या दिसूं लागतात.

खैराच्या लाकडापासून काथ करणारे ते काथोडी, अथवा कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर खैर परका झाला, काथाचा धंदा बसला, आणि कोळसा पाडणें, मोळ्या विकणें व वीटभट्टीवर राबणें एवढेंच हातीं उरलें. धंदा गेला, तरी बोली राहिली. ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीचा मराठीविषयींचा खंड १९०५ सालीं निघाला. त्यांत तिची नोंद आहे.

मराठीशीं तिचें नातें निकटचें आहे, आणि हेंच तिचें दुर्दैव. गोंडी मराठी माणसास मुळींच कळत नाहीं, म्हणून ती निदान निराळी भाषा तरी मानली जाते. कातकरी बोली अर्धीमुर्धी कळते. म्हणून ती ‘अशुद्ध मराठी’ ठरते! प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय व्हावी, असें १९५६ सालीं राज्यघटनेंत घातलेलें ३५० अ हें कलम सांगतें. पण जिला भाषा म्हणूनच कोणी गणीत नाहीं, तिला ह्या कलमाचा आधार कसा मिळावा? कॅनडांतील निवासी शाळांतून क्री मुलांना स्वभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. येथें तसा दंडक कोणीं घातला नाहीं. वर्गांतलें हसूं पुरेसें झालें.

वास्तविक भाषा शिकण्याचे सारे कष्ट आजवर कातकऱ्यांनींच घेतले आहेत. बाजारांत, दवाखान्यांत, कचेरींत ते मराठी बोलतात. शेजारच्या गांवकऱ्यांस मात्र पिढ्यानुपिढ्या शेजारीं राहूनहि त्यांचीं चार वाक्यें शिकण्याची गरज वाटत नाहीं. दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें भट्ट्यांवर जातात, तीं पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा तुटते. पण त्या भट्टीवरच्या झोपड्यांत दिवसभर घरचीच बोली कानांवर पडते, हा एक विचित्रच योग म्हणावयाचा. शिक्षण आणि बोली ह्यांपैकीं एकच निवडण्याची पाळी मुलावर कां यावी?

ह्यास मोठ्या खर्चाची योजना लागते असें नाहीं. वाडीवरील शाळेंत नेमलेल्या शिक्षकानें पहिल्या महिन्यांत पन्नास वाक्यें शिकावींत: नांव काय, भूक लागली का, आज कोण आलें नाहीं. चुकतील, मुलें हसतील. हसूं द्यावें. त्या दिवशीं वर्गांत चुकणारा गुरुजी असतो आणि सुधारणारें मूल. नंतर फळ्यावर मराठी शब्द लिहून, ‘ह्याला घरीं काय म्हणतां?’ असें त्यानें विचारावें. नदीवर मासे धरणाऱ्या, डोंगरांतील कंद ओळखणाऱ्या त्या मुलांकडून येणारीं कित्येक उत्तरें शिक्षकाच्या पुस्तकांत नसतील. तीं त्यानें आपल्या वहींत उतरून घ्यावींत, आणि सांगणाऱ्या मुलाकडूनच बरोबर उतरलीं कीं नाहींत तें तपासून घ्यावें.