श्रवणयंत्राची निगा

पेण-रोह्याकडे पाऊस लागला म्हणजे पापड सादळतात, काड्यापेटी ओढत नाहीं. त्याच हवेंत आजोबांचें श्रवणयंत्र मात्र निर्वेधपणें चालावें, अशी आपली अपेक्षा! तें मुकें झालें कीं, ‘त्यांना आतां मुळींच ऐकूं येत नाहीं’, असा निकाल देऊन घरची मंडळी मोकळी होतात. पुष्कळदां दोष कानाचा नसून नळींतील मळाचा अथवा दमटपणाचा असतो.

कानांत बसणारा सिलिकोनचा साचा रोज रात्रीं कोरड्या फडक्यानें पुसावा. आठवड्यांतून एकदां तो नळीसह यंत्रापासून सोडवून कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुवावा. यंत्रास पाण्याचा थेंबही लागूं देऊं नये. स्पिरिट वापरूं नये. नळींतील पाणी रबरी फुंकणीनें काढून साचा रात्रभर वाळूं द्यावा. घाईनें चुलीजवळ ठेवणारेही आहेत, त्यांना काय म्हणावें?

पेणच्या मूर्तिशाळांत प्लॅस्टरची पूड मायक्रोफोनच्या छिद्रांवर बसते. ती कोरड्या मऊ ब्रशानें झटकावी, टाचणी खुपसूं नये.

यंत्र रात्रीं बॅटरी काढून सिलिका जेलच्या घट्ट डबींत ठेवावें. जस्त-हवा बॅटरी हवेंतील प्राणवायूवर चालते. म्हणून नव्या बॅटरीची चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून ती बसवावी. इतकें करूनही यंत्र शिट्टी घालीत असेल, तर साचा सैल झाला काय किंवा कानांत मळ सांचला काय, हें तज्ज्ञाकडून पाहून घ्यावें. वांद्र्यास १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग संस्था याच कामाची आहे.

जुन्या बॅटऱ्या मुलांच्या हातीं लागूं देऊं नयेत. एखादी गिळली गेल्यास क्षणभरही वाट न पाहतां इस्पितळ गांठावें.