ब्राझिलांतील एक पंगत



भूगोलाचा शिक्षक या नात्यानें मीं तीस वर्षें फळ्यावर दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढला. ब्राझिलच्या दक्षिण टोंकाशीं आलों कीं, 'गवताळ प्रदेश, गुरांची पैदास' एवढें सांगून खडू खालीं ठेवीत असें. त्याच टोंकाच्या रियो ग्रांदे दो सुल राज्यांत, पोर्तो आलेग्रे शहरीं, माझा मुलगा नोकरीनिमित्त राहतो. गेल्या वर्षीं मी त्याच्याकडे गेलों असतां त्याच्या कचेरींतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं आम्हां उभयतांस एका रात्रीं जेवावयास नेलें. त्या जेवणाची हकीकत आज सांगावयाची आहे.

या जेवणास तिकडे 'शुरास्को' म्हणतात. शुरास्को म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलें मांस. ही रीत गाऊशो लोकांची, म्हणजे घोड्यावर बसून गुरें राखणाऱ्यांची. सतराव्या शतकांत जेसुइट पाद्र्यांनीं या प्रदेशांत गुरें आणिलीं आणि तीं माळावर मोकाट वाढलीं. गाऊशोजवळ भांडें नाहीं, मसाला नाहीं. सुरी, लांकडी सळई, मीठ आणि विस्तव एवढ्यावर त्याचा स्वयंपाक. आजहि चांगल्या शुरास्कोस जाड्या मिठावांचून फारसें कांहीं लावीत नाहींत. पुढें 1780 च्या सुमारास पेलोतास येथें मांस खारवून वाळविण्याचे कारखाने निघाले. तेथें राबत ते गुलाम, आणि तें खारें मांस दूरदूरच्या मळ्यांवर ज्यांना खाऊं घालीत तेहि गुलामच. ब्राझिलांत गुलामगिरी बंद झाली ती 1888 सालीं. सुग्रास ताटामागें असाहि इतिहास असतो.

वाढण्याची पद्धत पाहून मला आपल्या पंगतीची आठवण झाली. आपण बसावें आणि वाढप्यांनीं फिरावें, तसेंच तेथें. लांब सळया घेऊन वाढपी मेजामेजावरून हिंडतात. सळईचें टोंक खालीं टेकवून सुरीनें पातळ काप काढितात, आणि पाहुण्यानें तो लहानशा चिमट्यानें धरावयाचा. या फिरत्या वाढपास 'रोदिझिओ' हें नांव आहे. पाहुण्यापुढें एक चकती असते. हिरवी बाजू वर असेल तर 'येऊं द्या', तांबडी असेल तर 'पुरे'. आपल्याकडे आग्रह थांबविण्यासाठीं पानावर आडवा हात धरावा लागतो. तेथें तें काम चकती करिते.

ही खूण मला ठाऊक नव्हती, आणि माझी चकती हिरवीच राहिली. मी कोंबडी, बकरें खाणारा. गोमांस मात्र आमच्या घरांत कधीं शिजलें नाहीं. एकामागून एक वाढपी येत आणि मी मान हालवीत असें. अखेर एक वृद्ध वाढपी हंसत समोर उभा राहिला. पुनः नाहीं म्हणण्याचा मला संकोच वाटला आणि मीं चिमटा पुढें केला. चरबीची पांढरी कड असलेला काप ताटांत आला. मीं मुलास विचारलें, "हें कशाचें?" तो हळूच म्हणाला, "पिकान्या, नाना. गुराचें मांस."

अन्न टाकूं नये हें मीं जन्मभर मुलांस शिकविलें. तें खाणेंहि मला शक्य नव्हतें. मी तसाच बसून राहिलों. मुलानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, "द्या इकडे," म्हणाला, आणि तो काप आपल्या ताटांत घेऊन खाल्ला. त्याच्या खाण्यांत नवखेपणा नव्हता. सहा वर्षें तो तेथें राहतो. काय खातोस, हें मीं कधीं विचारलें नव्हतें, आणि त्यानें कधीं सांगितलें नव्हतें. वर्गांत प्रश्न विचारण्यांत माझा जन्म गेला. घरचा हा एक प्रश्न मात्र मीं टाळला होता.

यजमानांच्या कांहीं तरी ध्यानांत आलें असावें. त्यांनीं हात पुढें करून माझी चकती तांबडी केली आणि दालचिनी लावून भाजलेलें अननस मागविलें. बोलतां बोलतां ते म्हणाले कीं, त्यांच्या देशांतील मांसाच्या गुरांपैकीं बहुतेक वशिंडाचीं आहेत, आणि त्यांचे पूर्वज हिंदुस्थानांतून आले. 'नेलोरी' ही तिकडची प्रमुख जात म्हणजे आपली ओंगोल. तिचें नांव आंध्रांतील नेल्लोरवरून पडलें. गीर आणि कांकरेजहि तिकडे नांदतात. हें ऐकून मला काय वाटलें असेल, तें श्रोत्यांनींच जाणावें.

शेवटीं गोड म्हणून तांबड्या द्राक्षासवांत शिजविलेले टपोरे दाणे आले. तिकडे त्यांस 'सागू' म्हणतात. मीं ते पाहतांच ओळखले: साबुदाणा! ज्या मांदिओका कंदाचा तो होतो, तो कंद मूळचा त्याच खंडांतला; काजू आणि अननसहि तिकडचेंच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून हीं फळें आपल्याकडे आलीं, आणि आज आपली एकादशी त्या परक्या कंदावर पार पडते.

परततांना मुलगा म्हणाला, "सांगावयाचें होतें, नाना, धीर झाला नाहीं." मीं म्हटलें, "मीं विचारावयास हवें होतें." त्याउपर त्या रात्रीं आम्ही कांहीं बोललों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें बाजारांतून सागू आणून माझ्यासाठीं खिचडी केली. ती किंचित् चिकट झाली होती. खातां खातां मीं त्याला तिकडच्या खाण्यापिण्याविषयीं एकेक प्रश्न विचारीत गेलों, आणि तो मोकळेपणानें उत्तरें देत गेला. आज मीं आपणांस सांगितलें, त्यांतील बराच भाग त्या सकाळचा आहे.