कारवारचे ग्रहण कारगिलला

मीरा रोडला राहणाऱ्या, आज साठीकडे झुकलेल्या अनेकांना १६ फेब्रुवारी १९८० चा शनिवार आठवत असेल. कारवारजवळ अंकोल्याला दुपारी खग्रास सूर्यग्रहण दिसले आणि इकडे मुंबईचे रस्ते ओस! कित्येक घरांत दारे-खिडक्या लावून मुलांना आत कोंडले होते.

तेच ग्रहण परत येते आहे. तेच, म्हणजे त्याच ‘सॅरोस’ चक्रातले. दर १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तासांनी सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळजवळ पूर्वीसारखे जुळून येतात. मेख आहे ती त्या ८ तासांत. तेवढ्या वेळात पृथ्वी एक तृतीयांश फेरी जास्त फिरते आणि सावली दुसऱ्याच मुलखात पडते. १९९८ मध्ये ती कॅरिबियन बेटांवर पडली, २०१६ मध्ये इंडोनेशियात. तिसऱ्या खेपेला ती आपल्याकडे वळते, मात्र बरीच उत्तरेला सरकून: २० मार्च २०३४ रोजी, कारगिल परिसरात.

मीरा रोडहून ते खंडग्रास दिसेल. त्याआधी २ ऑगस्ट २०२७ रोजीही एक खंडग्रास आहे, पण ते भर पावसाळ्यात. मार्चमधल्या आभाळाचा भरवसा अधिक. ग्रहणाचे प्रमाणित चष्मे घ्या, एक्स-रेची फिल्म नको, आणि नातवंडांना घेऊन खुशाल गच्चीवर जा.