भरतीतून परत आलेल्या मुलाशी काय बोलावे?

(सानगडी येथे वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फौजेत कसे जावे, यावर भाषणे पुष्कळ होतात. हवालदार अब्दुल हमीद यांनी १९६५ साली खेमकरणच्या रणांगणावर शत्रूचे रणगाडे कसे फोडले आणि मरणोत्तर परमवीर चक्र कसे मिळवले, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आज मी दुसऱ्या बाजूविषयी बोलणार आहे. फौजेत जायला निघालेला आणि निवड न होता घरी परतलेला मुलगा हा आजचा माझा विषय आहे. जागा थोड्या आणि उमेदवार फार, त्यामुळे परत येणारेच अधिक असतात. तरीही त्यांच्यासाठी कोणी सभा भरवत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पहिली गोष्ट अशी की, "मी नापास झालो" एवढ्यावर थांबू नका. कुठे नापास झालो, हे कागद समोर घेऊन पाहा. सैन्याच्या अग्निवीर भरतीत २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा आणि मग मैदान, असा क्रम आहे. लेखीत अडला असाल, तर गणित आणि सामान्य ज्ञान कच्चे आहे. त्याला उपाय अभ्यास. मैदानावर अडला असाल, तर हिशेब घड्याळाचा आहे. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात. तुमचे आठ-दहा सेकंद जास्त होत असतील, तर ते नियमित सरावाने कमी होऊ शकतात. वैद्यकीय तपासणीत अडला असाल, तर कारण नीट विचारून घ्या. कानातला मळ, दात, नाकाचे हाड यांवर उपचार होतात. पुन्हा तपासणीसाठी लष्करी रुग्णालयात जाण्याची सोयही असते. तिची मुदत मात्र चुकवू नका. रंगांधळेपणासारखा दोष असेल, तर त्यावर इलाज नाही, आणि त्यात तुमचा काडीचाही दोष नाही. म्हणूनच वर्ष-दोन वर्षे धावण्यात घालवण्यापूर्वी साकोलीला किंवा भंडाऱ्याला डॉक्टरांकडून डोळे, कान, गुडघे आणि तळपाय तपासून घ्यावेत. जे आधी कळू शकते, ते भरतीच्या दिवशी कळावे, यात शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट मला नाजूक वाटते, पण ती बोललीच पाहिजे. आपल्या घरांत कधी कधी असे म्हटले जाते की, "नाव पाहूनच कापले असेल." ज्याच्यापाशी पुरावा आहे, त्याने रीतसर तक्रार जरूर करावी. पण घड्याळ आणि संगणक नाव वाचत नाहीत. आपले गुण न पाहता हे वाक्य मुलाच्या कानात घातले, तर तो पुढच्या वेळी धावणेच सोडून देतो, आणि धाकटे भाऊ तर अर्जही भरत नाहीत. हे नुकसान कोणत्याही भरती अधिकाऱ्याने केलेले नसते. ते आपण घरात बसून केलेले असते.

तिसरी गोष्ट दुसऱ्या वाटेची. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत नेमणूक चार वर्षांची आहे. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे जो पास झाला, त्यालाही चार वर्षांनी बहुधा पुढच्या वाटेचा विचार करावाच लागणार. तेव्हा दुसरी वाट ही हरलेल्याची वाट समजू नका. ती प्रत्येकाला लागणार आहे, फक्त कुणाला आज आणि कुणाला चार वर्षांनी.

यासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे उदाहरण पाहा. त्यांना वैमानिक व्हायचे होते. १९५८ च्या सुमारास डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीसाठी २५ उमेदवार होते आणि जागा आठ. कलामसाहेबांचा क्रमांक नववा आला. ते फार खचले, हे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात लपवलेले नाही. ही हकिगत आपण सगळे सांगतो. पण तिच्यातला एक भाग सांगायचा राहून जातो. त्याच प्रवासात त्यांनी दिल्लीला संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक विभागातही मुलाखत दिली होती. हवाई दलाचे दार बंद झाले, तेव्हा दुसरे दार त्यांनी आधीच ठोठावलेले होते. तिथून सुरू झालेला प्रवास १९८० च्या एसएलव्ही-३ च्या यशापर्यंत आणि २००२ साली राष्ट्रपतिपदापर्यंत गेला. राष्ट्रपती हा तिन्ही दलांचा सरसेनापती असतो. ८ जून २००६ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून त्यांनी सुखोई लढाऊ विमानातून उड्डाण केले. प्रत्येकाला असे यश मिळेल, असे मी म्हणत नाही. पण दोन अर्ज प्रत्येकाला करता येतात.

आपल्या जवळच्या वाटा कोणत्या? महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, म्हणजे सैन्यासाठी केलेला सराव तसाच उपयोगी पडतो. शिवाय खुल्या गटाला २८ वर्षांपर्यंत संधी आहे. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांची भरती वेगळी होते, तिथे ५ किलोमीटरची धाव २४ मिनिटांत पूर्ण करावी लागते. वनरक्षकाची नोकरी आहे. आयटीआय केलेल्याला कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी आहे. जवाहरनगरची आयुध निर्माणी तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बारावी करणाऱ्या मुला-मुलींनी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा लक्षात ठेवावी. ती वर्षातून दोनदा होते, आणि २०२२ पासून तिथे मुलीही दाखल होत आहेत. पण एक पथ्य पाळा: भरतीसाठी कॉलेज सोडू नका. पहाटे धावा आणि दिवसा वर्गात बसा. वयाची अट निघून जाते, पदवी मात्र जवळ राहते.

आता पालकांना विनंती. मुलगा परत येईल, त्या दिवशी त्याला जेवू घाला आणि प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. "अमक्याचा मुलगा लागला" हे वाक्य निदान महिनाभर घरात नको. "पैसे भरा, काम करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका; त्यापायी धानाची बांधी आणि अम्मीचे दागिने जातात आणि मुलावर गुन्ह्याचा डाग येतो तो वेगळाच. आणि मुलगा जर दिवसेंदिवस गप्प राहू लागला, जेवण टाकू लागला, जगण्याला कंटाळल्यासारखे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन केला, तर मोफत सल्ला मिळतो. यात घराण्याची अब्रू जात नाही. उलट एक जीव वाचतो.

आपल्याकडे सब्र हा शब्द आपण फार वापरतो. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पऱ्हे पावसात वाहून गेले, तर आपला शेतकरी बांधी पडीक ठेवत नाही. मुदत असेल तर पुन्हा पऱ्हे टाकतो, नसेल तर दुसरे पीक घेतो. मुलांच्या बाबतीतही आपण तेवढेच करू या.

जे निवडले जातील, त्यांचे आपण हार घालून स्वागत करूच. जे परत येतील, त्यांच्यासाठीही या संस्थेचे दार आणि घराचे दार सारखेच उघडे असू द्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज. जय हिंद.