पट्ट्यांत वांटलेला मजकूर

घरांतील छायाचित्रें, ध्वनिमुद्रणें, हिशेब आणि पत्रव्यवहार हें सर्व हल्लीं संगणकाच्या हार्ड डिस्कवर सांठविलेलें असतें, हें मीं आपणांस सांगावयास नको. एक डिस्क अपुरी किंवा मंद वाटूं लागली म्हणजे दोन, तीन, चार डिस्क एकत्र जोडून त्यांची एकच मोठी डिस्क भासावी अशी योजना करितात. या योजनेला 'रेड' असें नांव आहे. तिचे प्रकार अनेक आहेत. त्यांतील जो सर्वांत वेगवान आणि सर्वांत नाजूक, त्या 'रेड शून्य' प्रकाराविषयीं, आणि तो मोडला असतां आंतील मजकूर परत कसा मिळवितात याविषयीं, आज मी बोलणार आहें.

१९८८ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला आणि 'रेड' हें नांव रूढ झालें. त्या नांवांतील पहिलें अक्षर 'जादा' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आहे. एक डिस्क बंद पडली तरी काम अडूं नये, म्हणून थोडी जादा माहिती जवळ बाळगावयाची, ही त्यांतली मुख्य कल्पना. त्या निबंधांत पांच प्रकार सांगितले होते. शून्य हा प्रकार त्यांत नव्हता. तो मागाहून त्या पंक्तीला येऊन बसला, आणि त्यांत जादा असें कांहींच नाहीं. माझ्या मतें हें नामकरण फसवें झालें. 'रेड' एवढें ऐकून गृहस्थ निश्चिंत होतो. पुढच्या शून्याकडे त्याचें लक्ष जात नाहीं.

या प्रकारांत काय होतें तें एका जुन्या वस्तूवरून सांगतों. सुट्या पानांची एखादी पोथी घ्या. पहिलें पान एका रुमालांत बांधा, दुसरें दुसऱ्या रुमालांत, तिसरें पुन्हा पहिल्यांत, आणि याप्रमाणें शेवटपर्यंत चला. दोन माणसें दोन रुमाल एकाच वेळीं सोडूं लागलीं, तर पोथी निम्म्या वेळांत हातीं येईल. वेग येतो तो असा. संगणक पानांऐवजीं ठराविक मापाचे तुकडे पाडतो. हें माप पुष्कळदां ६४ किंवा १२८ किलोबाइट असतें. लिनक्सवरील नेहमींच्या साधनांत तें ५१२ असतें. चार मेगाबाइटांच्या एका छायाचित्राचे ६४ किलोबाइटांप्रमाणें ६४ तुकडे होतात; ३२ एका डिस्कवर जातात, ३२ दुसऱ्या डिस्कवर. आतां एक रुमाल जळाला तर उरते ती अर्धी पोथी नव्हे, एक आड एक पान गेलेली पोथी होय.

धोका किती वाढतो, हें शाळेंतल्या गणितानें काढतां येतें. एक डिस्क वर्षभरांत बंद पडण्याचा संभव शेंकडा ३ आहे असें केवळ उदाहरणादाखल धरूं. म्हणजे ती टिकण्याचा संभव शेंकडा ९७. दोन्ही टिकल्या तरच जोडणी टिकणार. म्हणून ९७ शतांशाला ९७ शतांशानें गुणावयाचें. मोडण्याचा संभव जवळजवळ शेंकडा ६ येतो. चार डिस्क घेतल्या तर तो साडेअकराच्या आसपास जातो. डिस्क वाढविल्यानें वेग वाढतो हें खरें, पण आयुष्याची दोरी सर्वांत दुबळ्या डिस्कच्या हातीं जाते.

तथापि जोडणी मोडणें आणि मजकूर नष्ट होणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आजच्या भाषणांत मला हेंच मुख्यतः सांगावयाचें आहे. पुष्कळदां डिस्क ठणठणीत असतात आणि त्यांना जोडणारी पेटी किंवा संगणकांतील नियंत्रक बिघडलेला असतो. पोथी शाबूत असते, पण कोणतें पान कोणत्या रुमालांत आहे हें सांगणारा कारकून रजेवर गेलेला असतो, असें म्हणा ना. अशा वेळीं मजकूर बहुधा संपूर्ण मिळतो. तो बुडतो तो बहुतेक पुढच्या घटकाभरांत, घाबरलेल्या मालकाच्या हातून. संगणक विचारतो, "ही डिस्क नव्यानें तयार करूं काय?" आणि मालक 'होय' म्हणतो. कोणी पेटींत नवी डिस्क बसवून जोडणी पुन्हा उभारूं पाहतो. पण शून्य प्रकारांत उभारावयास जादा माहितीच नसल्यामुळें रिकामी जोडणी तयार होते, तिच्यावर नवें लिखाण होतें, आणि जुनें पुसलें जातें. डिस्क शीतपेटींत ठेवण्याचा एक उपायहि लोक परस्परांस सांगतात. ती बाहेर काढल्यावर तिच्यावर दंव धरतें, हें मात्र कोणी सांगत नाहीं.

आमच्या शेजारीं एक कुटुंब राहतें. घरांतले वडील कीर्तनकार होते. ते निवर्तल्यावर त्यांच्या कीर्तनांचीं ध्वनिमुद्रणें दोन डिस्कांच्या एका पेटींत ठेविलेलीं होतीं. दुसरी प्रत नव्हती. एके दिवशीं पेटींतून टकटक असा आवाज येऊं लागला आणि डिस्क दिसेनाशी झाली. पेटी विकणाऱ्या दुकानदारानें सल्ला दिला कीं सर्व पुसून नव्यानें सुरुवात करावी. पेटी पुन्हा चांगली चालेल! पेटी चालेल याबद्दल मलाहि शंका नव्हती. माझा एक जुना विद्यार्थी हेंच काम करितो; त्याच्याकडे आम्हीं ती नेली. आवाज ऐकतांच त्यानें वीज काढून घेतली आणि म्हणाला, "गुरुजी, आतां ही एकदांहि चालूं करूं नका."

त्याचें कारण असें. डिस्कच्या पोटांत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळां फिरत असतात, आणि वाचणारें टोंक त्यांच्या पृष्ठभागावरून कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. टोंक दुखावलें म्हणजे तें आपली जागा शोधीत पुन्हा पुन्हा परत फिरतें. ती टकटक बहुधा त्याचीच. तशांत डिस्क चालूं ठेविली तर तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडला जाण्याची भीति असते, आणि थर गेला म्हणजे मजकूर गेला. मग जगांतली कोणतीहि विद्या उपयोगाची नाहीं. ती डिस्क धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेंत पाठवावी लागली. तेथें त्याच नमुन्याच्या दुसऱ्या डिस्कचीं टोंकें काढून हिला बसविण्यांत आलीं. हा खर्च सामान्य घराला जड जातो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

दोन्ही डिस्कांच्या प्रथम संपूर्ण प्रती काढल्या गेल्या. पुढचें सर्व काम या प्रतींवर. मूळ डिस्क गुंडाळून कपाटांत. प्रत काढण्यासाठीं जीएनयू डीडीरेस्क्यू नांवाचें एक विनामूल्य साधन आहे, त्याची रीति मला फार आवडली. तें प्रथम जें सहज वाचतां येतें तें सर्व उचलतें, अवघड जागा तूर्त सोडून पुढें जातें, कोठें काय राहिलें याची नोंद ठेवतें, आणि अखेरीस त्या अवघड जागांकडे वळतें. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मीं अनेक वर्षें हेंच सांगत आलों.

मग पानें लावण्याचें काम. तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : कोणती डिस्क पहिली, तुकड्याचें माप काय, आणि मजकूर कोठून सुरू होतो. दोन डिस्कांचे क्रम दोनच. तीनांचे सहा, चारांचे चोवीस. पण अंदाजानें चालण्याचें कारण नाहीं. विंडोज संगणकांवरील एनटीएफएस पद्धतींत प्रत्येक फाइलीची निदान एक नोंद असते. ही नोंद सामान्यतः १,०२४ बाइटांची असते आणि तिच्यावर अनुक्रमांक असतो. माझ्या विद्यार्थ्यानें मला पडद्यावर दाखविलें : एका डिस्कवर १००० पासून १०६३ पर्यंत नोंदी सलग, आणि लगेच पुढें ११२८. मधल्या ६४ नोंदी दुसऱ्या डिस्कवर अगदीं त्याच जागीं मिळाल्या. ६४ नोंदी म्हणजे ६४ किलोबाइट, माप निघालें. १००० ज्या डिस्कवर ती पहिली, क्रमहि निघाला.

दुरुस्त केलेल्या डिस्कवरील कांहीं जागा शेवटपर्यंत वाचतां आल्या नाहींत. ध्वनिमुद्रणें न दाबलेल्या स्वरूपांत होतीं, सेकंदाला १,७६,४०० बाइट. त्यामुळें ४,०९६ बाइटांची एक जागा गेली तर सेकंदाचा चाळिसावा भागहि जात नाहीं. मधून मधून एक बारीक खटका ऐकूं येतो, एवढेंच. ती डिस्क मुळींच वाचतां आली नसती तर काय ऐकूं आलें असतें, हें मीं मुद्दाम विचारलें. त्यानें दुसऱ्या डिस्कच्या जागीं शून्यें भरून एक मुद्रण लावलें. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित् अधिक आवाज, मग तितकीच शांतता, पुन्हा आवाज. अभंगाचा एकहि शब्द पुरा लागेना. शेजारच्या गृहस्थांनीं तें बंद करावयास सांगितलें.

अशा कामाच्या अखेरीस एक खबरदारी घ्यावी लागते. मिळालेला मजकूर निराळ्या डिस्कवर उतरवून तो तपासतांना लहान फाइली उघडून समाधान मानूं नये. एखादें पत्र एकाच तुकड्यांत मावलेलें असेल, तर पानें चुकीचीं लावलीं असतांहि तें बिनचूक उघडूं शकतें. एखादें मोठें छायाचित्र किंवा लांब मुद्रण घ्यावें आणि आरंभापासून अखेरपर्यंत पाहावें, ऐकावें. शेजाऱ्यांनीं सर्व कीर्तनें तशीं ऐकलीं. त्याला त्यांना तीन आठवडे लागले. तीं आतां दोन निरनिराळ्या घरीं, दोन स्वतंत्र डिस्कांवर आहेत.