कोठडीतली पहिली रात्र

(कार्यकर्ता मेळाव्यातील भाषण)



पाड्यावरून पोलिसांनी कोणाला नेले की आपण काय करतो? "सकाळी सरपंचांना घेऊन जाऊ" म्हणतो आणि झोपतो. मला त्या मधल्या रात्रीबद्दल बोलायचे आहे. कोठडीतला माणूस स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा धोका अटकेनंतरच्या पहिल्या काही तासांत फार मोठा असतो.

आपला माणूस तिथे कसा बसलेला असतो? ठाणे पहिल्यांदाच पाहिलेले. घरी वारली नाहीतर कातकरी बोली, समोर कागदावरची मराठी. बकऱ्या कोण सोडील, वकिलाला पैसे कुठून, पाड्यात तोंड कसे दाखवू? त्यातून रोज पिणारा असेल तर दारू एकदम तुटते. हात थरथरतात, झोप उडते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसे दिसू लागतात. हे सोंग नाही, अंगात येणेही नाही. हा आजार आहे आणि त्यात जीवही जातो. त्याला दवाखानाच लागतो.

हवालदाराला हे कळेलच असे नाही. आपल्याला मात्र माहीत असते : कोण किती पितो, कोणाला फिट येते, कोण मागे एकदा जीव द्यायला निघाला होता. ते त्याच रात्री ठाण्यात जाऊन सांगा. लेखी द्या आणि पोच घ्या. झडतीत धोक्याच्या वस्तू काढून घेतात, ते बरोबरच आहे. पण घाबरलेल्याला रिकाम्या खोलीत एकटे ठेवणे म्हणजे काळजी घेणे नव्हे. त्याच्यावर नजर हवी, त्याच्याशी त्याच्या बोलीत दोन शब्द बोलणारे कोणी हवे.

हे मागताना भीक मागतोय असे वाटून घेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितले आहे : नातेवाइकांना अटकेची खबर द्यायची, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरांकडून तपासणी करायची. २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करायचे, हे तर संविधानातच आहे. आदिवासींना वकील मोफत मिळतो. विधी सेवेचा क्रमांक १५१००.

आणखी एक. "त्याने स्वतःच केले" एवढे सांगून प्रकरण मिटत नाही. कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानेच बंधनकारक आहे. कोठडीतल्या माणसाचा जीव ठाण्याच्या हवाली असतो, मग हात कोणाचाही असो.

जामिनावर सुटून आलेल्यालाही पहिले काही दिवस एकटे सोडू नका. पाड्यात त्याची थट्टा होते, ती आपणच थांबवायची. मन फारच खचलेले दिसले तर १४४१६ वर फोन लावून द्या. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आज जेवणापूर्वी प्रत्येक पाड्याने दोन नावे लिहून द्यावीत. रात्री-अपरात्री ठाण्यात जातील अशी माणसे हवीत, आणि त्यांत एक तरी बाई.

जोहार.