पावलांवर पोसला जाणारा प्राणी



सुरत शहराला मुक्या जिवांच्या सांभाळाची फार जुनी परंपरा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक सुरतेस येऊन राहिला होता. १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने येथील प्राण्यांच्या रुग्णालयाचे वर्णन केले आहे. वृद्ध व आजारी गायी, घोडे, शेळ्या आणि कुत्री यांची तेथे शुश्रूषा होत असे. याहून विलक्षण म्हणजे ढेकूण, पिसवा इत्यादी कीटकांसाठीही सोय होती, आणि त्यांना आहार मिळावा म्हणून एखाद्या गरीब माणसास मोल देऊन त्यांच्यामध्ये रात्रभर निजविले जाई. त्या माणसाची रात्र कशी जात असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे तीनशे वर्षांनी जपानमध्ये असा एक प्राणी निघाला की त्यास दूध नको, चारा नको, रक्तही नको. त्यास हवी असत ती केवळ सांभाळणाऱ्याची पावले.

या प्राण्याचा पूर्वज म्हणजे नोव्हेंबर १९९६ मध्ये बांदाई या कंपनीने विक्रीस आणलेले 'तामागोत्ची' हे खेळणे. जपानी भाषेत 'तामागो' म्हणजे अंडे. अंड्याच्या आकाराच्या, मुठीत मावणाऱ्या त्या पेटीत एका लहानशा पडद्यावर एक पिल्लू दिसे. त्यास भूक लागली की ते टीं टीं करून हाक मारी; बटणे दाबून त्यास भरवावे लागे, त्याची घाण काढावी लागे, आणि दुर्लक्ष झाले तर ते मरून जाई. मुले वर्गातही त्यातच गुंतून राहू लागल्याने अनेक देशांतील शाळांनी त्यावर बंदी घातली. मूल बाकावर बसूनच प्राणी पाळू लागले, हा त्या खेळण्याचा मोठा दोष होता.

१९९८ साली निन्तेंदो कंपनीने 'पॉकेट पिकाचू' हे खेळणे काढले आणि या दोषावर एक उपाय सुचविला. कमरपट्ट्यास अडकविता येणाऱ्या या पेटीतच पावले मोजण्याचे यंत्र होते. दर वीस पावलांस एक 'वॉट' जमा होई. हे वॉट पडद्यावरील पिवळ्या प्राण्यास भेट दिले की तो आनंदित होऊन सलगी वाढवी. भेट मिळाली नाही तर रुसून बसे. पुढे २००९ साली याच कल्पनेवर 'पोकेवॉकर' हे दुसरे उपकरण निघाले. या दोन्हींचे उत्पादन आता थांबले आहे. तथापि २०१६ साली आलेल्या 'पोकेमॉन गो' या मोबाइलवरील खेळात सोबतचा प्राणी चाललेल्या अंतरावरच बक्षीस देतो.

अशा पेटीची रचना साधी असते. जुन्या पद्धतीच्या यंत्रात स्प्रिंगने तोललेला एक छोटा वजनदार दांडा असतो. चालताना शरीर प्रत्येक पावलाबरोबर किंचित वरखाली होते. दांडा त्या हिसक्याने हलतो, विजेचा संपर्क जुळतो आणि आकडा एकाने वाढतो. मोबाइलमध्ये हेच काम एक सूक्ष्म संवेदक करतो. यंत्रास पाय दिसत नाहीत, केवळ हिसका कळतो. म्हणून खाटेवर पडल्या पडल्या पेटी हलविणाऱ्या मुलाचा पिकाचूही तितकाच खूश होई! ही युक्ती मुलांना कोणी शिकवावी लागली नाही.

एक सूचना येथेच केलेली बरी. अशा खेळण्यांत गुंडीसारखी चपटी बॅटरी असते. ती लहान मुलाने गिळल्यास अन्ननलिकेस थोड्याच तासांत गंभीर जखम होऊ शकते. झाकण स्क्रूने घट्ट बसलेले आहे ना, हे पालकांनी पाहावे आणि बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी मुलास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

रोज दहा हजार पावले चालावे, असे आज सर्वत्र सांगितले जाते. हा आकडा कोणा वैद्याने प्रयोगाअंती ठरविलेला नाही. १९६५ साली, म्हणजे टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, जपानच्या यामासा कंपनीने पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस काढले व त्यास 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, असे नाव दिले. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि त्याचाच नियम झाला. २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दिवसाकाठी सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे विशेष फरक पडला नाही. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना आकडा सांगत नाही. दररोज सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल असावी, एवढेच सांगते.

आता हे सारे सुरतेच्या संदर्भात पाहू. तापीकाठच्या लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे सुरतेस जाऊन स्थायिक झाली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आजही खानदेशी बोली ऐकू येते, आणि महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचे वर्ग आहेत. यंत्रमागावर काम करणारा कारागीर बहुधा बारा तासांच्या पाळीत अनेक माग सांभाळतो. त्याच्या कमरेस पेडोमीटर लावला तर आकडा मोठाच दिसेल. परंतु दोन मागांमधील अरुंद बोळातली ती चाल, तो कानठळ्या बसविणारा आवाज आणि ते तंतू यांचा हिशेब कोणत्याही पेटीत होत नाही. त्यास 'आणखी चाला' असे सांगणे अन्यायाचे होय.

त्याच्या मुलाचे मात्र वेगळे आहे. गावी असता त्या मुलास शेळी सोडावयाची असे, गुरांना पाणी दाखवावयाचे असे, बैलामागून शेतावर जावयाचे असे. 'व्यायाम कर' असे त्यास कोणी कधी म्हटले नाही. जनावर वाट पाहत असे म्हणून तो चालत असे. एका खोलीच्या बिऱ्हाडात शेळी येऊ शकत नाही. खेळण्याच्या कारखानदाराने नेमके हेच हेरले. नुसता आकडा माणसास फार दिवस चालवीत नाही, पण कोणीतरी आपल्यावर अवलंबून आहे ही जाणीव चालविते. कारखानदाराने ती जाणीव पेटीत घालून विकली. विकली म्हणून ती खोटी ठरत नाही. पण ती विकतच घ्यावी असेही नाही.

या डिंडोलीचाच दाखला घेता येईल. २ एप्रिल १९३० रोजी दांडीयात्रा सुरतेहून निघून डिंडोलीस आली होती. तेव्हा ते स्वतंत्र खेडे होते. आज ते शहरात सामावले आहे. साबरमती ते दांडी हे सुमारे ३८५ किलोमीटरचे अंतर. एक पाऊल सत्तर सेंटिमीटरचे धरले तर सुमारे साडेपाच लाख पावले होतात. गांधीजींचे वय तेव्हा साठ वर्षांचे होते. आपल्या शाळेजवळच्या रस्त्यावरून ही पावले गेली, हे मुलास कळले की साडेपाच लाख ही संख्या त्यास गणिताच्या पुस्तकातली वाटत नाही.

मोजण्यासाठी पेटी हवीच, असेही नाही. कुमाऊँच्या मिलम गावचे शिक्षक पंडित नैनसिंह रावत हे १८६५ साली भारतीय सर्वेक्षण खात्याच्या वतीने यात्रेकरूच्या वेषात तिबेटात निघाले. त्यांना पाऊल नेहमी सारख्याच लांबीचे टाकण्याचा सराव देण्यात आला होता. दोन हजार पावलांचा एक मैल. हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवावयाचा, म्हणजे एक माळ पुरी झाली की दहा हजार पावले झाली. जपानी यंत्राच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट.

माळेऐवजी चिंचोके चालतील. मैदानावर पन्नास मीटरची रेघ आखावी व प्रत्येक मुलाने ती किती पावलांत ओलांडली हे पाहून त्याच्या पावलाची लांबी काढावी. नंतर घरापासून शाळेपर्यंत येताना दर शंभर पावलांना एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात टाकावा. वर्गात चिंचोके मोजून अंतर काढता येते. पहिलीतल्या मुलाचे चिंचोके सातवीतल्या मुलापेक्षा त्याच वाटेवर अधिक भरतील, कारण त्याचे पाऊल आखूड असते. म्हणून आकड्यांची चढाओढ लावू नये. पावसाळ्यात शाळेने लावलेल्या रोपांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पाणी घालण्याची पाळी मुलांना वाटून द्यावी आणि प्रत्येकाने त्या वाटेचे चिंचोके वहीत मांडावेत. ज्याचे घर लांब, त्याची पाळी सकाळची ठेवावी. मे महिन्यात दहानंतर रस्ता तापतो.